अविश्वास हा मतदाराचा सद्गुण आहे काय?

लोकसभेची निवडणूक जवळ आली म्हणजे गावोगावच्या पारावर, दूध संकलन केंद्रावर व एस. टी.च्या थांब्यावर एकच वाक्य निरनिराळ्या तोंडांतून ऐकू येते : "पळसाला पाने तीनच, कोणीही निवडून येवो, आपल्या वाट्याला काय येणार?" हे बोलणारा मनुष्य मूर्ख नसतो. बहुधा जमलेल्या मंडळीत तोच अधिक पावसाळे पाहिलेला असतो, आणि त्याचे बोलणे ऐकून भोवतालचे लोक माना डोलावितात व तरुणांस तो फार शहाणा वाटतो. प्रस्तुत लेखात ह्या वाक्याचाच विचार करण्याचे आम्ही योजिले आहे. उमेदवारावर विश्वास न ठेवणे हा मतदाराचा सद्गुण आहे, की कर्तव्य टाळण्याची ती एक सभ्य सबब आहे? वाचकांपैकी पुष्कळांस हा प्रश्न राजकारणाचा वाटेल. आम्हांस तो नीतीचा वाटतो, कारण त्याचे उत्तर प्रत्येकाला मतदानयंत्रापुढे एकट्यानेच द्यावे लागते.

प्रथम हे कबूल केले पाहिजे की ह्या अविश्वासास कारणे आहेत, आणि ती काल्पनिक नाहीत. नगर जिल्ह्याच्या दक्षिण भागाचेच उदाहरण घेऊ. जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, परंतु १३ मे २०२४ रोजी लोकसभेचे मतदान झाले तेव्हा मतदारसंघाचे नाव अहमदनगर हेच होते. शेवगाव, राहुरी, पारनेर, नगर शहर, श्रीगोंदा व कर्जत-जामखेड ह्या सहा विधानसभा क्षेत्रांचा हा प्रदेश बराचसा अवर्षणाचा. साकळाई उपसा सिंचन योजनेचे नाव नगर व श्रीगोंदा तालुक्यांतील गावांनी किती निवडणुकांच्या सभांत ऐकले, हे तेथील वृद्धांस विचारावे. ज्याने लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून ते आश्वासन ऐकले, तो आता आपल्या पोराला खांद्यावर घेऊन तेच ऐकावयास उभा राहतो. अशा मनुष्याने नव्या उमेदवाराच्या भाषणाच्या वेळी मनातल्या मनात हसावे, यात त्याचा दोष कोणता?

शिवाय पक्षांची गत पाहा. २०१९ साली ज्यांनी धनुष्यबाणास किंवा घड्याळास मत दिले त्यांनी पुढील पाच वर्षांत काय पाहिले? २०२२ साली शिवसेना दुभंगली, २०२३ साली राष्ट्रवादी काँग्रेस दुभंगली, आणि निवडणूक आयोगाने जुनी चिन्हे एकेका गटास दिली. म्हाताऱ्या बायामाणसांनी आयुष्यभर ओळखीचे केलेले चित्र एकीकडे राहिले आणि ओळखीची माणसे दुसरीकडे गेली. आपण मत दिले ते चित्राला, की माणसाला, की कोणा तिसऱ्यालाच, असे त्यांनी विचारले तर उत्तर देणे सोपे नाही. पक्षांतरबंदीचा कायदा १९८५ साली झाला व २००३ साली तो अधिक कडक करण्यात आला. तथापि घाऊक पक्षांतर त्याने थांबले नाही. उलट त्यातून एक निराळीच अडचण निघाली. पक्षाचा व्हिप निघाला असता त्याविरुद्ध मत देणाऱ्या खासदारास आपले सदस्यत्व गमवावे लागते. म्हणजे उमेदवार कितीही सज्जन असला तरी सभागृहात त्याची सदसद्विवेकबुद्धी पक्षाच्या दाव्याने खुंट्याला बांधलेली. मग सज्जन शोधून तरी काय करावयाचे, हा प्रश्न उडवून लावण्याजोगा नाही.

आणखी असे की, ज्यांनी आपली राज्यघटना सिद्ध केली त्यांसही पुढाऱ्यांवर डोळे मिटून विसंबणे मान्य नव्हते. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेपुढे बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी बजाविले होते की राजकारणातील भक्ती व विभूतिपूजा ही अधःपाताची व अंती हुकूमशाहीची वाट होय. राज्यकर्ते चांगलेच निघतील अशी खात्री असती तर पाच वर्षांची मुदत कशाला, विरोधी पक्ष कशाला, सरकारी हिशेब तपासणारे महालेखापरीक्षक कशाला? आपल्या राज्यव्यवस्थेच्या पायातच अविश्वासाचे काही चिरे बसविलेले आहेत. म्हणून मतदाराने संशयी असू नये असे आम्ही म्हणत नाही. त्याने संशयी असावेच.

परंतु पारावरचे ते वाक्य संशयाचे आहे काय? संशयी मनुष्य म्हणतो, "मला ठाऊक नाही, पाहू द्या." पळसाची म्हण सांगणारा म्हणतो, "मला ठाऊक आहे, पाहावयाचे काही उरले नाही." पहिल्याची बुद्धी जागी आहे, दुसऱ्याने ती निजविली आहे. त्यास आपण अविश्वास म्हणतो खरे, पण वस्तुतः ती एक प्रकारची श्रद्धाच आहे, आणि तीही फार आंधळी, कारण ती कोणत्याही पुराव्याने हलत नाही. अमुक उमेदवाराने दहा वर्षांत काही केले असे दाखवावे तर "त्यात त्याचा काहीतरी हेतू असेल" असे उत्तर तयार असते.

ऊस पिकविणाऱ्या आमच्या वाचकांस हा भेद चटकन कळेल. कारखान्याच्या वजनकाट्याविषयी शेतकऱ्यांच्या मनात शंका असते. काटामारीची तक्रार काही आजची नाही. आता ज्यास खरोखर शंका आहे तो काय करितो? वाटेत दुसऱ्या काट्यावर भरलेली गाडी नेतो, पदरचे पैसे देऊन वजन करून घेतो, चिठ्ठी खिशात ठेवितो आणि मग कारखान्याच्या फाटकात शिरतो. दुसरा एक म्हणतो, "सगळेच काटे खोटे, वजन करून उपयोग काय?" आणि जे लिहितील ते वजन मान्य करून घरी येतो. दोघेही अविश्वासीच, पण काटा मारणाऱ्यास भीती कोणाची वाटेल? दुसऱ्याचा अविश्वास तर त्याच्या पथ्यावरच पडतो. उमेदवारांचेही असेच. सारे सारखेच चोर असे गाव म्हणू लागले की त्यांतील जो खरा चोर असतो त्याला मोठा आनंद होतो, कारण त्याच्यात व इतरांत फरक करणारा कोणी उरला नाही. आणि जो थोडाबहुत सरळ असतो तो मनात म्हणतो की सरळ राहून मला मिळाले काय?

सरपंचाविरुद्ध अविश्वासाचा ठराव कसा येतो हे बहुतेकांनी पाहिले आहे. तहसीलदारांकडे लेखी नोटीस द्यावी लागते, तीवर सह्या कराव्या लागतात, सभा बोलाविली जाते, सरपंचास बोलू द्यावे लागते, मग मतदान. त्या अविश्वासाला नाव असते, तारीख असते. नगर मतदारसंघाचाच जुना दाखला द्यावयाचा तर, १९९१ सालच्या लोकसभा निवडणुकीत येथून निवडून आलेल्या उमेदवाराची निवड, प्रचारात प्रतिस्पर्ध्याच्या चारित्र्याविषयी केलेल्या खोट्या विधानांच्या कारणावरून, मुंबई उच्च न्यायालयाने रद्द ठरविली आणि १९९३ साली सर्वोच्च न्यायालयानेही ती रद्दच ठेविली. कोणीतरी शंका घेतली, ती कागदावर मांडली, साक्षीपुरावे नेले, म्हणून हे घडले. पारावरच्या सुस्काऱ्यांनी ते घडले नसते.

मग ह्या मतदाराने तपासावयाचे ते काय? पहिली गोष्ट म्हणजे आपण मागतो ते योग्य माणसाकडे मागतो की नाही हे पाहणे. ह्या बाबतीत आम्हां ग्रामस्थांचा घोटाळा मोठा आहे. गटार तुंबले, डीपी जळाला, शाळेचे छत गळते, कालव्याचे आवर्तन लांबले, ह्या सर्वांचा जाब आपण खासदारास विचारतो. पाणी व पाटबंधारे हा विषय घटनेने प्रामुख्याने राज्याकडे सोपविला आहे; गटार ग्रामपंचायतीचे. खासदाराचे मुख्य काम कायदे करणे, केंद्र सरकारच्या अंदाजपत्रकास संमती देणे वा न देणे, मंत्र्यांस प्रश्न विचारणे हे होय. खासदार निधी म्हणून जी रक्कम आहे ती वर्षास ५ कोटी रुपये, आणि तीही खासदाराने केवळ कामे सुचवावयाची. मंजुरी व खर्च जिल्हा प्रशासनाकडून होतो. २०२४ साली देशात सुमारे ९७ कोटी मतदार होते व लोकसभेच्या जागा ५४३. भागाकार करून पाहावा : सरासरी एका मतदारसंघात १८ लाखांच्या आसपास मतदार, आणि त्या निधीतून एका मतदारामागे वर्षाला सुमारे २८ रुपये. एवढ्या पैशात गावे पालटून टाकीन असे जो सांगतो तो खोटे बोलतो, आणि जो ते ऐकून टाळ्या वाजवितो व पाच वर्षांनी फसविले म्हणून रडतो त्याने आपल्या फसवणुकीस अर्धा हातभार लाविलेला असतो. खासदाराने खरोखर जे करावयाचे त्याविषयी, म्हणजे कांद्याची निर्यात बंद झाली तेव्हा त्याने सभागृहात तोंड उघडले की नाही ह्याविषयी, आम्ही सभेत एखादा प्रश्न तरी विचारतो काय? ८ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली, ती पुढील मे महिन्याच्या प्रारंभी उठली. ह्या पट्ट्यातील घराघराला तिची झळ लागली. तो निर्णय दिल्लीचा होता, ग्रामपंचायतीचा नव्हे.

दुसरी गोष्ट कागदांची. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ व २००३ सालच्या निर्णयांमुळे प्रत्येक उमेदवारास आपल्यावरील फौजदारी खटले, आपली मालमत्ता, कर्ज व शिक्षण शपथपत्रावर लिहून द्यावे लागते. ती शपथपत्रे निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कोणासही मोबाईलवर पाहता येतात. दहावी झालेली घरातील मुलगी ती आजोबांस वाचून दाखवू शकते. २०२४ साली निवडून आलेल्या ५४३ खासदारांपैकी २५१ जणांनी, म्हणजे शेकडा ४६ जणांनी, आपणांवर फौजदारी खटले असल्याचे स्वतःच लिहून दिले, असे असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स ह्या संस्थेने ती शपथपत्रे तपासून दाखविले. २००९ साली हे प्रमाण शेकडा ३० होते. हे आकडे ऐकताच पळसाची म्हण पुन्हा ओठांवर येते, पण थांबावे. खटला म्हणजे शिक्षा नव्हे. दुधाच्या दरासाठी रस्ता अडविणाऱ्यावरही गुन्हा दाखल होतो, आणि खंडणी मागणाऱ्यावरही. दोघांच्या शपथपत्रांत रकाना एकच, कलमे मात्र निराळी. ती कलमे वाचल्याशिवाय दोघांस एका दावणीला बांधणे हा आळस आहे, आणि आळसाला अविश्वासाचे भारदस्त नाव दिल्याने तो पुण्य होत नाही.

येथवरचे बोलणे वाचकांस पटण्यास फारशी अडचण पडणार नाही. आता जी गोष्ट अधिक कठीण आहे तिच्याकडे वळू.

मतदानाच्या आदल्या रात्री पाचशेची नोट घरात येते. कोणाच्या घरी येते व कोण आणतो हे गावास ठाऊक असते. लोकसभेच्या उमेदवारास आपल्या राज्यात कायद्याने खर्च करता येतो तो फार तर ९५ लाख रुपये. वर सांगितलेल्या सरासरीने पाहता मतदारामागे पाच रुपयांच्या आसपास. त्यात मंडप, मोटारी, पत्रके सर्व आले. तेव्हा पाचशेची नोट हातात पडली की एक गोष्ट निःसंशय सिद्ध होते : देणाराने जो हिशेब सरकारात द्यावयाचा तो खोटा असणार. निवडून येण्यापूर्वीच तो खोटे लिहावयास तयार आहे, ह्याहून अधिक पुरावा कोणता हवा? तरीही जी विधवा ती नोट घेते तिला आम्ही एकदम दोष देऊ शकत नाही. तिच्या बाजूने विचार करा. आश्वासन म्हणजे उधारी, नोट म्हणजे रोख. ज्या ऋणकोने आजवर एकही उधारी फेडली नाही त्याच्याकडून जे रोख मिळेल ते पदरात पाडून घ्यावे, असे कोणीही व्यवहारी मनुष्य म्हणेल. तिचा हिशेब चुकलेला नाही. पिढ्यांच्या अनुभवाने तिला तो शिकविला आहे. आणि घरात औषध संपलेले असते, किंवा पोराची फी द्यावयाची असते. कायद्याने देणारा व घेणारा दोघेही गुन्हेगार आहेत, हे सांगणे आमचे काम आहे. पण दोघांचे पाप एकाच तराजूत सारखे भरेल असे आम्हांस वाटत नाही.

परंतु पुढे जे होते ते पाहण्यासारखे आहे. नोट घेतल्यावर कित्येक ठिकाणी भंडाऱ्यावर किंवा मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेवविली जाते. शपथ नसली तरी गरीब मनुष्याच्या मनाला ते मीठ लागते. "ज्याचे खाल्ले त्याच्याशी बेइमानी कशी करावी?" असे तो म्हणतो, आणि सकाळी जाऊन ते बटण दाबून येतो. केवढी ही विपरीत गोष्ट! ज्याचा एकाही उमेदवारावर विश्वास नाही तोच मनुष्य दलालास दिलेला शब्द प्राणपणाने पाळतो. त्याची इमानदारी खरी आहे. ती ज्याला वाहिली तो मात्र तिच्या लायक नाही. आमचे स्पष्ट मत असे आहे की असला शब्द बांधील नाही. शेजाऱ्याचा बांध कोरून देईन असे वचन कोणी पैसे घेऊन दिले, तर ते न पाळण्यात पाप नाही; पाप दिले त्यात होते. मत ही वस्तू एकट्याच्या मालकीची नाही. त्या मताने जो निवडून येईल तो संबंध मतदारसंघाला पाच वर्षे बांधून ठेवील, ज्यांनी नोट घेतली नाही त्यांनाही. दुसऱ्याच्या वाट्याचे विकण्याचा करार कोणत्या न्यायाने उभा राहील? नोट न घेणे सर्वांत उत्तम. पण हतबलतेने घेतली गेलीच, तर दुसऱ्या दिवशी मन मोकळे ठेवून यंत्रापुढे उभे राहावे. यंत्रापुढच्या आडोशात दलाल येत नाही.

गावाची भीती मात्र खोटी नाही, हेही सांगितले पाहिजे. एकेकट्याचे मत गुप्त राहते, परंतु केंद्रावार मोजणी होत असल्यामुळे अमुक गावाने कोणास किती दिली हे उघड होते, आणि हरलेला वा जिंकलेला पुढारी ते लक्षात ठेवितो. अनेक केंद्रांची मते एकत्र मिसळून मोजावी अशी सूचना निवडणूक आयोगाने २००८ साली केली व विधी आयोगानेही २०१५ साली तिला दुजोरा दिला. ती अमलात आलेली नाही.

आता एक शेवटचा आक्षेप. कोणी म्हणेल, "मी शपथपत्रे वाचली, नोट परत केली, भाषणे ऐकली, आणि माझी खात्री झाली की पुढे असलेले दोन्ही उमेदवार वाईट आहेत. त्यातल्या त्यात कमी वाईटाला मत देऊन मी त्याच्या वाईटात भागीदार का व्हावे?" हा आक्षेप घेणाऱ्यापुढे आम्ही आदराने उभे राहतो, कारण त्याने वजन करून मग काटा खोटा ठरविला आहे. २७ सप्टेंबर २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने 'वरीलपैकी कोणीही नाही' म्हणजे 'नोटा' हे बटण अशांसाठीच मिळाले. मात्र त्याचे बळ किती हे जाणून ते दाबावे. २०२४ साली इंदूर येथे एका मोठ्या पक्षाच्या उमेदवाराने ऐन वेळी अर्ज मागे घेतला, तेव्हा २,१८,६७४ मतदारांनी ते बटण दाबले; तरी उरलेल्या उमेदवारांतून एक जण अकरा लाखांहून अधिक मताधिक्याने निवडून आलाच. 'नोटा'ला सर्वांत अधिक मते पडली तरी लोकसभेच्या निवडणुकीत तिच्या खालोखाल असलेला उमेदवार विजयी होतो. म्हणजे ही साक्ष आहे, निकाल नव्हे. साक्ष देण्याचे प्रसंग असतात. दोन्ही उमेदवार शेजाऱ्याला शेजाऱ्यावर घालणारे असतील तर आम्हीही तीच साक्ष देऊ. परंतु बहुतेक वेळा दोन उमेदवारांत काही अंतर असते, आणि ते बोटभर असले तरी ज्या दुबळ्याच्या जमिनीचा किंवा रेशनकार्डाचा प्रश्न असतो त्याला ते बोटभर अंतर पुरते. हात स्वच्छ राहावेत म्हणून घरी बसणाऱ्याने त्या दुबळ्यास विचारून मग बसावे. तोही निवडून आलेल्याच्या कायद्याखालीच राहणार आहे; मत न दिल्याने त्यातून त्याची सुटका नाही.

आमच्या समजुतीप्रमाणे मूळ घोटाळा मत म्हणजे विश्वास असे मानण्यात आहे. मत ही नेमणूक आहे. आपण गडी कामावर ठेवितो तो देवमाणूस म्हणून नव्हे. चार जणांत बरा म्हणून ठेवितो, आणि बांधावर उभे राहून पाहतो. खासदाराच्या बाबतीत आपण नेमणूक करितो, पण बांधावर जात नाही. लोकसभेतील उपस्थिती व विचारलेले प्रश्न छापील स्वरूपात उपलब्ध असतात. (मंत्री झालेला खासदार प्रश्न विचारीत नाही व हजेरीपटावर सही करीत नाही; तेव्हा त्याच्या नावापुढे शून्य पाहून घाई करू नये.) ग्रामसभा १ मे, १५ ऑगस्ट व इतर ठरलेल्या दिवशी भरते, तेथे आपल्या खासदाराने त्या वर्षात काय विचारले हे कोणी पाच मिनिटे वाचून दाखविले तर त्यास कायद्याची आडकाठी नाही. खासदार निधीतून झालेल्या कामावर फलक लावण्याचा नियम आहे, आणि त्यावर खर्चाची रक्कम, काम सुरू झाल्याची व संपल्याची तारीख लिहावी लागते. समाजमंदिराच्या भिंतीवरचा तो फलक बहुधा दाराशेजारीच असतो. ती रक्कम वाचून मग भिंतीकडे, फरशीकडे व छताकडे एकदा नीट पाहून घ्यावे.